हात बसेपर्यंत : गिटारच्या सरावामागचे विज्ञान

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की अनेक घरांत गिटार येते. पहिले पंधरा दिवस ती हातातून सुटत नाही. पावसाळा सुरू होता होता ती कपाटावर चढते. दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरची धूळ पुसली जाते आणि 'आपल्याला नाही जमलं बुवा' असे म्हणून ती पुन्हा वर ठेवली जाते. गिटारच्या जागी पेटी, तबला किंवा इंग्रजी संभाषणाचे पुस्तक ठेवा. गोष्ट फारशी बदलत नाही.

सोडून देणाऱ्यांना कारण विचारले तर साधारण तीन उत्तरे मिळतात. बोटे फार दुखतात, वेळ मिळत नाही, आणि माझ्यात ती कलाच नाही. पहिल्या दोन अडचणींवर उपाय करता येतो. तिसरे उत्तर मात्र अडचण सांगत नाही, ते स्वतःबद्दल दिलेला निकाल सांगते. गणित सोडून देणारा विद्यार्थीही नेमके हेच बोलतो. म्हणून हा निकाल कोणत्या पुराव्यावर दिला जातो आणि तो पुरावा कितपत खरा असतो, हे शिक्षकांनी तपासण्यासारखे आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत शिकण्याच्या प्रक्रियेवर जे प्रयोग झाले, त्यांच्या आधारे आपण गिटारच्या सरावाकडे पाहू.

पहिली अडचण : बोटे

साध्या पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारा असतात. सुरात लावल्यावर प्रत्येक तारेवर सुमारे १० ते १४ किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. सहाही तारांचा मिळून हा ताण ७० किलोच्या आसपास जातो, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर तो ४० किलोच्या आसपास असतो. अशी ताणलेली बारीक तार बोटाच्या मऊ टोकाने दाबायची, तर बोट दुखणारच. यात कलेचा संबंध नाही.

पण बोट कुठे ठेवले यावर दुखणे बरेच अवलंबून असते. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीप्रमाणे त्यांना पडदे म्हणू. तार दाबायची ती पडद्यावर नव्हे, तर त्याच्या किंचित मागे. दोन विटांवर एक फळी ठेवून तिच्यावर उभे राहिल्याची कल्पना करा. मधोमध उभे राहिलात तर वजन दोन्ही विटांवर सारखे वाटले जाते. उजवीकडच्या विटेजवळ सरकलात तर जवळजवळ सगळे वजन तिच्यावरच पडते. तारेचेही तसेच आहे. बोट पडद्याला खेटून असले की थोड्या जोराने तार त्या पडद्यावर घट्ट बसते आणि स्वर स्वच्छ येतो. बोट मागे राहिले की दाब वाटला जातो, तार खरखरते, आणि शिकणारा आणखी जोर लावतो.

पडद्यांमधली अंतरेही सारखी नसतात. एक पडदा पुढे गेले की तारेची लांबी दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने भागली जाते. बारा पडद्यांनंतर ती बरोबर निम्मी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. तार ६५ सेंटिमीटर लांब असेल तर पहिल्या पडद्याचे घर ३.६५ सेंटिमीटर रुंद असते आणि पाचव्याचे सुमारे २.९ सेंटिमीटर. नवशिक्या मात्र बहुतेक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, सर्वांत रुंद घरांत शिकतो. बोटे फाकत नसतील तर तीच आकृती काही दिवस पाचव्या पडद्याच्या आसपास बसवावी आणि मग एकेक घर मागे यावे. स्वर वेगळे येतील, पण हाताला आकृती कळेल.

बोटांच्या टोकांवर पडणारे घट्टे ही शरीराने केलेली सोय असते. वारंवार दाब आला की त्वचेचा बाहेरचा थर जाड होतो. यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रोज दहा-पंधरा मिनिटांचा दाब त्याला पुरतो. रविवारी सलग तीन तास बसलात तर घट्टा पडत नाही, फोड येतो, आणि पुढचे चार दिवस गिटारला हात लावता येत नाही. टोकांची ही हुळहुळ काही आठवड्यांत जाते. मनगट किंवा कोपरापर्यंत जाणारी कळ मात्र निराळी असते. ती आली की थांबावे आणि हाताची ठेवण तपासून घ्यावी.

मेंदूत काय घडते?

'हात बसला' असे आपण म्हणतो, पण बसतो तो खरे तर मेंदू. १९९५ मध्ये थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्ये वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूची तपासणी केली. त्यांत सहा व्हायोलिनवादक, दोन चेलोवादक आणि एक गिटारवादक होता. या सर्वांचा डावा हात तारा दाबण्याचे बारीक काम करतो. त्या हाताच्या बोटांना स्पर्श केल्यावर मेंदूतला जो भाग जागा होतो, तो वाद्य न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठा आढळला. करंगळीच्या बाबतीत हा फरक ठळक होता. दांडीमागे राहणाऱ्या अंगठ्याच्या बाबतीत तो कमी होता, आणि उजव्या हाताच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. लहानपणी शिकायला सुरुवात केलेल्यांत बदल अधिक होता.

त्याच वर्षी आल्वारो पास्क्वाल-लिओने यांच्या गटाने पियानोवर पाच बोटांचा एक छोटा पाठ पाच दिवस, रोज दोन तास करून घेतला. एका गटाने तो प्रत्यक्ष वाजवला, दुसऱ्याने पियानोसमोर बसून बोटे न हलवता फक्त मनात वाजवला. दोन्ही गटांत बोटांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात बदल झाले. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी जिथे होते, तिथे प्रत्यक्ष वाजवणारे तिसऱ्या दिवशीच पोहोचले होते. पण नंतर दोन तास प्रत्यक्ष सराव करताच मनात वाजवणाऱ्यांनी उरलेले अंतर बहुतांशी भरून काढले. म्हणजे एसटीत बसून कॉर्डची आकृती डोळ्यांसमोर आणणे हा वेळेचा अपव्यय नाही. प्रत्यक्ष सरावाची जागा मात्र ते घेत नाही.

दहा हजार तासांची गोष्ट

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांहून अधिक एकट्याने सराव केला होता. या आकड्याची पुढे फार प्रसिद्धी झाली आणि 'दहा हजार तास घासले की कोणीही उस्ताद होतो' असा त्याचा अर्थ लावला गेला. पण तो सरासरीचा आकडा होता. त्या उत्तम वादकांपैकीही निम्मे जण विसाव्या वर्षी तिथे पोहोचलेले नव्हते, असे एरिक्सन यांनीच नंतर स्पष्ट केले. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात संगीतातील माणसामाणसांमधल्या फरकापैकी सुमारे २१ टक्केच फरक सरावाच्या प्रमाणाशी जुळतो असे दिसले. बाकीच्या वाट्यात वय, शिक्षण, उपजत फरक आणि सरावाची पद्धत असे बरेच काही येते.

त्यांपैकी पद्धत आपल्या हातात असते. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी पियानोच्या सतरा प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका रचनेतला छोटा अवघड तुकडा बसवायला दिला. वेळेचे बंधन नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून तो वाजवून घेतला आणि क्रम लावले. कोणी किती वेळ सराव केला, किती वेळा तुकडा वाजवला, याचा क्रमाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो चुकीशी कसे वागले याचा. चुका वरच्या क्रमांकाच्या वादकांनीही केल्या होत्या. पण त्यांनी चूक नेमकी कुठे होते हे शोधले, तेवढ्या जागी गती कमी केली, दोन-चार स्वर अलग काढून दुरुस्त केले आणि मग ते पुन्हा तुकड्यात जोडले. त्यामुळे तीच चूक पुन्हा पुन्हा घडली नाही.

घरोघरी होणारा सराव याच्या अगदी उलट असतो. ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी वाद्य शिकणाऱ्या लहान मुलांच्या घरच्या सरावाचे चित्रीकरण केले. मुलांचा बहुतेक सगळा वेळ धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजवून पुढच्या धड्याकडे जाण्यात गेला होता. गिटारवर हे असे दिसते : गाणे सुरू होते, चौथ्या ओळीत सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना हात अडखळतो, विद्यार्थी 'च्च' करतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. वीस मिनिटांत सोप्या तीन ओळी वीसदा होतात. अवघड बदलही वीसदाच होतो, आणि तोही प्रत्येक वेळी चुकीचा. वीस वेळा केलेली चूक हाही सरावच, पण चुकीचा.

अडखळणाऱ्या जागेचे गणित मांडून पाहावे. गाणे मिनिटाला ८० मात्रांच्या गतीत असेल तर एका मात्रेला ०.७५ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात तीन बोटे उचलून नव्या तारांवर बसली पाहिजेत. गती ४० केली की दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात बोटे बरोबर बसत असतील तर ४० ही आजची योग्य गती. आपल्याकडे गवई आणि तबलजी पलटे किंवा कायदा आधी विलंबित लयीत घोटतात आणि मगच दुगुनीत जातात, त्यामागे हेच आहे.

थोडे, पण रोज

१९७८ मध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. पत्रांच्या छाननीसाठी त्यांना टंकलेखन शिकवायचे होते. चार गट केले. एक गट रोज एक तास शिके, दुसरा रोज दोन तास सलग, तिसरा रोज एकेक तास दोनदा आणि चौथा रोज दोन-दोन तास दोनदा. रोज एक तास शिकणाऱ्यांना जे कौशल्य यायला सुमारे ५५ तास लागले, तेवढ्यासाठी रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ८० तास लागले.

मधली विश्रांती उपयोगी पडते ही गोष्ट जुनीच आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला, तेव्हाच पाठांतर अनेक दिवसांत वाटून घेतल्याचा फायदा त्यांना दिसला होता. त्यात झोपेचाही हात असावा. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांनी ४-१-३-२-४ असा क्रम पटापट दाबण्याचा सराव लोकांना दिला. सकाळी शिकून संध्याकाळी परीक्षा दिलेल्यांत विशेष सुधारणा नव्हती. रात्री झोपून उठल्यावर मात्र मधे काही सराव न करता वेग सुमारे २० टक्के वाढला. या वाढीतला काही भाग आदल्या दिवशीचा थकवा उतरल्यामुळे असावा, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करण्याच्या बाजूने यात काहीच सापडत नाही.

टपाल कर्मचाऱ्यांच्या प्रयोगातली आणखी एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. सर्वांत कमी तासांत शिकलेला, रोज एक तासवाला गटच आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत नाराज होता. दिवस मोजले की कारण कळते. रोज चार तास शिकणाऱ्याचे ८० तास २० दिवसांत संपतात, रोज एक तास शिकणाऱ्याला ५५ तासांसाठी ५५ दिवस लागतात. शेजारचे सहकारी महिन्याभरात पुढे गेलेले दिसतात आणि आपण मागे पडलो असे वाटते. प्रत्येक तासाला सर्वांत जास्त शिकणारा माणूसच स्वतःला मठ्ठ समजत होता.

मिसळून केलेला सराव

असाच उलटा अनुभव आणखी एका ठिकाणी येतो. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने आधी पहिलीचा सगळा सराव केला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट भराभर सुधारला आणि दुसरा चाचपडत राहिला. पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव केलेला गट पुढे होता.

कारण समजण्यासारखे आहे. जी कॉर्ड लागोपाठ पन्नास वेळा धरली की दुसऱ्या वेळेपासून हाताला काही आठवावे लागत नाही, तो आधीचेच पुन्हा करतो. जी, मग ई मायनर, मग सी, मग डी, मग पुन्हा जी असे केले की प्रत्येक वेळी आकृती नव्याने आठवावी लागते. प्रत्यक्ष गाण्यात नेमके हेच लागते. वर्गातही एका प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवणाऱ्या मुलाला 'आले' असे वाटते, आणि सहामाहीत प्रकार मिसळून आले की तो गोंधळतो. अगदी नवी आकृती मात्र आधी थोडी सुटी बसवून घ्यावी. ती एकदा तरी बरोबर धरता येऊ लागली की मिसळायला हरकत नाही.

हे दोन्ही प्रयोग एकच गोष्ट सांगतात. सरावाच्या वेळी हात कसा चालतो आणि प्रत्यक्ष किती शिकणे झाले, या दोन वेगळ्या बाबी आहेत. जो सराव त्या क्षणी गुळगुळीत वाटतो तो पुष्कळदा वरवरचा असतो, आणि जो अडखळत होतो तो टिकतो. आता 'माझ्यात ती कला नाही' हा निकाल पुन्हा पाहा. तो दिला जातो सरावातल्या अडखळण्यावरून, म्हणजे ज्या पुराव्यावर सर्वांत कमी विसंबावे त्यावरून.

मग मोजायचे कशाने? प्रगती त्याच बैठकीत न मोजता दुसऱ्या दिवशी मोजावी. बसल्याबसल्या, हात गरम होण्याआधी, घड्याळ लावून एका मिनिटात सी ते जी किती स्वच्छ बदल होतात ते मोजून वहीत तारखेसह लिहावे. आकडा रोज वाढेलच असे नाही. आजचा आकडा कालच्याशी न ताडता तीन आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडावा.

पठार

आकडा कधी कधी दोन-तीन आठवडे हलतच नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारयंत्र चालवायला शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले. संदेश ऐकून उतरवण्याच्या आलेखात चढानंतर एक सपाट भाग आणि मग पुन्हा चढ दिसला. त्यांच्या मते या काळात शिकणारा सुटी अक्षरे ओळखण्याकडून अख्खे शब्द ओळखण्याकडे जात असतो. पहिलीचा मुलगा 'क-म-ळ' वाचता वाचता एक दिवस 'कमळ' वाचतो, तेच हे. गिटारवर तीन बोटे आधी एकामागून एक तारांवर उतरतात, आणि पुढे कधीतरी ती एकदम, एका मुठीसारखी उतरतात.

असे पठार प्रत्येकाला येतेच असे नाही, आणि दर वेळी ते आत चाललेल्या कामाचेच लक्षण असते असेही नाही. कधी कधी आपण फक्त येणारीच गाणी वाजवत असतो. म्हणून आकडा अडला की आधी एक प्रश्न विचारावा : या आठवड्यात मी न येणारे असे काय केले? उत्तर 'काही नाही' असेल तर पद्धत बदलावी. उत्तर मिळत असेल तर धीर धरावा.

उत्साह कसा टिकतो?

बर्लिनच्या त्या व्हायोलिनवादकांना आपल्या दिनक्रमातील कामांना गुण द्यायला सांगितले होते. प्रगतीसाठी सर्वांत आवश्यक म्हणून त्यांनी एकट्याच्या सरावाला गुण दिले, पण आनंदाच्या बाबतीत तो वरच्या क्रमांकावर नव्हता. उत्तम वादकांनाही सराव जड जातो. तेव्हा 'आवड असती तर कंटाळा आला नसता' हे खरे नव्हे. कंटाळ्याची सोय लावावी लागते.

ती सोय पुष्कळ घरांत बक्षिसाने लावली जाते. येथे थोडे सांभाळावे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले तर ही मुले चित्रांना इतरांच्या मानाने निम्माच वेळ देत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिले होते, त्यांची आवड कमी झाली नव्हती. ज्याची मुळातच गोडी आहे, ते सौदा केला की काम होऊन बसते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी या विषयावर केलेल्या दीर्घ कामातून तीन गरजा पुढे आल्या. काय करायचे ते थोडे तरी आपण ठरवले आहे, आपल्याला जमू लागले आहे, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत, असे वाटणे. गिटारच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. पहिले गाणे विद्यार्थ्याने निवडावे, मग ते शिक्षकांना आवडो न आवडो. ते दोन-तीन कॉर्डमध्ये बसणारे असावे, म्हणजे महिन्याभरात पुरे होईल. आणि ते कोणासमोर तरी वाजवले जावे, भावंडासमोर, मित्राच्या गाण्याबरोबर किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात. मोबाइलवरचे धडे आज फुकट मिळतात आणि त्यांतले काही उत्तमही असतात. पण त्यांत आपल्याला ऐकणारे कोणी नसते, आणि रोज नवा धडा समोर येत असल्याने जुना पक्का होत नाही. एक धडा महिनाभर धरावा.

'हात तसा नाही' म्हणणाऱ्यांना जँगो राइनहार्ट यांची गोष्ट सांगावी. १९१० मध्ये बेल्जियममध्ये रोमा कुटुंबात जन्मलेल्या या वादकाच्या फिरत्या घराला १९२८ मध्ये आग लागली. भाजल्यामुळे डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्यांनी उरलेल्या बोटांसाठी वादनाची नवी पद्धत बसवली, आणि १९३४ मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्याबरोबर जो वाद्यवृंद उभा केला, त्याने युरोपच्या जॅझ संगीताला स्वतःचा आवाज दिला. प्रत्येक जण जँगो होत नाही. पण दुखावलेल्या हाताने त्यांनी गाणे सोडले नाही, त्या हाताला जमेल अशी रीत शोधली, एवढे तरी प्रत्येकाला घेता येईल.

तीस मिनिटांची बैठक

वरच्या सगळ्याचा उपयोग करून रोजची बैठक अशी आखता येईल. पहिली दोन मिनिटे गिटार सुरात लावणे आणि एका मिनिटाचा आकडा वहीत लिहिणे. पुढची आठ मिनिटे कालची अडलेली जागा, निम्म्या गतीत, दोन-चार स्वरांचे तुकडे करून. मग पाच मिनिटे येणाऱ्या कॉर्ड उलटसुलट क्रमाने. मग पाच मिनिटे काहीतरी नवे. शेवटची दहा मिनिटे आवडीचे गाणे, चुकले तरी न थांबता, कारण लोकांसमोर वाजवताना थांबता येत नाही. उठताना 'उद्या कुठून सुरू करायचे' हे एका ओळीत लिहावे. ज्या दिवशी तीस मिनिटे मिळणार नाहीत, त्या दिवशी दहाच करावीत, पण दिवस चुकवू नये. आणि गिटार कपाटावर किंवा पिशवीत न ठेवता येता-जाता हाताला लागेल अशी ठेवावी. खुंटीवरून काढायला लागणारे दोन मिनिटांचे कष्टही कंटाळ्याला पुरेसे निमित्त होतात.

वर्गात करून पाहा

गिटार नसली तरी हे प्रयोग वर्गात करता येतात. कापडी पिशवीत चिंचोके भरा. जमिनीवर खडूने वर्तुळ काढा. अर्ध्या मुलांनी तीन फुटांवरूनच पिशवी वर्तुळात टाकण्याचा सराव करावा, अर्ध्यांनी दोन आणि चार फुटांवरून आलटून पालटून. फेकी दोघांच्या सारख्याच. पुढे काही दिवसांनी सर्वांची परीक्षा तीन फुटांवरून घ्या. १९७८ मध्ये रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला होता. तीन फुटांवरून कधीच सराव न केलेली मुले तीन फुटांवरच सराव केलेल्यांहून पुढे निघाली. तुमच्या वर्गात तसेच होईल याची खात्री नाही, मुले थोडी असली की योगायोगाचा वाटा मोठा असतो. पण सरावाच्या दिवशीच मुलांना 'कोणता गट जिंकेल?' असे विचारून उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा. निकालाच्या दिवशी ती उत्तरे पुन्हा वाचा.

त्या चर्चेत एखादा विद्यार्थी नक्की विचारेल, 'मग सर, सराव करताना चुकत असेल तर ते चांगलेच का?' त्याला सांगावे : चूक सापडली, हळू करून सुधारली आणि उद्या पुन्हा तपासली, तर चांगलेच. नुसती झाली आणि पुढे गेलो, तर नाही. हा फरक ज्याला एकदा कळला, तो गणिताच्या वहीतल्या लाल खुणेकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो.